तिसऱ्या मजल्यावरची बटणं

दोन हजार एकच्या सव्वीस जानेवारीच्या भूकंपानंतर फतेगंजच्या सोसायटीने खांबांमध्ये तिरके आधार घातले आणि सगळे आपापल्या घरी परतले. भक्तीची आई मात्र अंगणातली खाट सोडेना. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भक्तीने झाडूच्या काड्यांची तशीच इमारत पाटावर उभारली आणि पाट अंगणात आणलेल्या आईच्याच शिलाईमशिनच्या चाकाला जोडला. “आई, भूकंप कर.” पूर्वी बाबांवर चिडली की आईचा पाय आठ रिश्टरला जाई, आजही गेला. त्या खटखटीत भक्तीचे लहानपणीचे फ्रॉक होते. इमारत नाचली, पडली नाही. “रिकामं घर उभं राहतंच गं.” आईने बटणांच्या डब्यातली माणसं तिसऱ्या मजल्यावर, आपल्या घरात, ठेवली. फ्रॉकचं बटण भक्ती, ब्लाउजचं ती स्वतः, कोटाचं बाबा. “आई, बाबांना जाऊन वर्षं झाली.” “तू वजन मोज, माणसं मी मोजते.” मशीन धडधडलं. कोणीच पडलं नाही. खाटेवरची गादी उचलत आई बटणांतल्या तिघांना म्हणाली, “चला घरी.”