तांदळातलं नाव

निवडायला दिलेले तांदूळ तसेच टाकून नात मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसली. सुलक्षणाबाईंचं पित्त खवळलं. “तांदूळ काय तो मोबाइल निवडणार?” उर्वी कुरकुरली, “आजी, आमच्या कार्टूनच्या फॅन ग्रुपमध्ये मुलांनी स्वतःचं नाव ‘योद्धे’ ठेवलंय, आम्हा मुलींचं ‘बाहुल्या’. रविवारी माजिवड्याला सगळा ग्रुप भेटणार आहे, तिथे तेच छापलेले टीशर्ट घालायचेत.” “मग नाही म्हणा!” “म्हटलं तर ग्रुपमधून काढतील. घेऊ चालवून.” तांदळाचं ताट स्वतःकडे ओढणारा सुलक्षणाबाईंचा हात थबकला. लग्नात अशाच तांदळांत नवऱ्याने अंगठीने काहीतरी गिरवलं होतं. वाचता न येणाऱ्या माहेरच्या ठकूला सासूने ‘सुलक्षणा’ म्हणून हाक मारली, तेव्हा कळलं, ते आपलं नवं नाव होतं. त्यांनी तांदूळ सारखे करून ताट नातीपुढे सरकवलं. “मला लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याने लिहिलेल्या नावाला जन्मभर ओ दिली. तुला येतं, तरी तेच करशील, तर दोघींत अडाणी तूच!”