मुखरूच्या झोपेचा कागद

“वायरी काढा ना बाई, डोस्कं खाजून राह्यलं,” खाटेवरचा माणूस म्हणाला.

डॉ. वच्छला खोब्रागडे त्याच्या डोक्याला चिकटवलेल्या वायरी एकेक करून सोडवू लागल्या. झोपेत मेंदू काय करतो, याच्या मागे चिमूरची ही बाई हात धुऊन लागली, त्याला वीस वर्षं झाली होती. आधी उंदीर झोपवले, मग माणसं. झोपेवर कसलं आलंय संशोधन, पांघरूण घ्यायचं नि पडायचं, असं म्हणून नातलगांनी चिडवून घेतलं. पण आज गडचांदूरच्या या दवाखान्यात त्यांच्या तपासणीवर एका घराची चूल अवलंबून होती, आणि बाईंना त्याचं भारी ओझं वाटत होतं.

फाईलवर नाव होतं मुखरू भोयर, चुनखडीच्या खाणीवर डंपर ड्रायव्हर. महिन्यापूर्वी भरदुपारी त्याला स्टिअरिंगवर डुलकी लागली नि डंपर मातीच्या ढिगात घुसला. नशीब, कोणाला लागलं नाही. साहेबांनी बजावलं, झोपेचा आजार नाही असा डॉक्टरचा कागद आण, नाहीतर घरी बस.

त्याची बायको गिरजाबाई डोक्यावरचा पदर सावरत दाराशीच उभी होती. काल संध्याकाळपासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. रुसली असेल, असं बाईंना वाटलं.

“हे रात्री घोरतात का हो?” बाईंनी विचारलं.

“घोरतात म्हणजे! अख्ख्या घराले आयकू येते,” गिरजाबाई मोठ्या कौतुकाने म्हणाली. “यायच्यासारखी गाढ झोप आमच्या घरात कोणाचीच नाई.”

बाईंचा जीव तुटला. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हेच तर त्या इतकी वर्षं गावोगाव सांगत फिरत होत्या! यंत्राच्या कागदावर रात्रभराच्या रेघा होत्या. दर दोन मिनिटांनी या माणसाचा श्वास अडकत होता आणि मेंदू दचकून जागा होत होता. वाईट वाटलं, तरी खोटं लिहिणं त्यांच्याने होईना.

“मुखरूभाऊ, तुमची झोप आजारी आहे. इलाज होईल, पण तोवर गाडीला हात लावायचा नाही. मी तसंच लिहून देते आहे.”

तो माणूस गिरजाबाईकडे बघतच राहिला. ती रडायला लागली.

“तो कागद देऊ नका बाई, तुमच्या पाया पडते! हे मुखरू नाईत. आमच्या यायचे मोठे भाऊ आहेत, लटारूभाऊ. यायची झोप चांगली म्हणून यायलेच आणून झोपवलं.”

बाईंना संताप आला. मग एकदम धास्ती वाटली.

“अन् मुखरू कुठे आहे?”

“भाऊजी शाळेची गाडी चालवतात ना,” गिरजाबाई डोळे पुसत म्हणाली. “त्यायचा खाडा नको म्हणून आज पोरायले घेऊन आमचे हेच गेले.”