टोपलीतला भाऊ

सापानं आजही दुधाला तोंड लावलं नाही, असं द्वारकाबाईंनी नळावर सांगितलं, तेव्हा वच्छलाबाई आपली घागर पुढं सरकवायची विसरल्या.

"नवी जागा हाय, बाई," त्या म्हणाल्या. "माझी सून पण आठ दिवस धड जेवली नव्हती."

औरंगाबादच्या बेगमपुऱ्यात सापाची ती टोपली येऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. पाऊस चुकवायला द्वारकाबाईंच्या ओसरीवर टेकलेला एक गारुडी ती तिथंच सोडून गेला, तो परत आलाच नाही. सापाचं नाव-गाव, वय, जात, आधी कुणाला चावला होता का, यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता. सोयरीक जमवताना एवढं अज्ञान कुणी चालवून घेतलं नसतं. पण द्वारकाबाईंना भाऊ नव्हता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास त्या आजवर नागाच्याच नावानं धरत आल्या होत्या. दारात आलेल्या भावाला हाकलायचं कसं, असं त्यांनी मोहल्ल्यातल्या बायकांनाच विचारलं.

सेवेत त्या कुठं कमी पडल्या नाहीत. टोपली उन्हाची तिरीप येणार नाही अशा बेतानं माजघरात, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवली. फोडणीचा ठसका सोसत नाही म्हणून चूल मागच्या पडवीत नेली. पाय आपटत चालायची सगळ्यांना मनाई झाली. दळायला त्या वच्छलाबाईंच्या जात्यावर जाऊ लागल्या. दुपारी टोपलीशेजारी पाट मांडून बसत आणि हळू आवाजात बोलत. काय बोलतात ते कुणाला ऐकू येत नसे, कारण तेवढं जवळ कुणी जात नसे.

पाहणारे मात्र बरेच निघाले. वच्छलाबाईंनी पाहिला तो तव्यासारखा काळा होता. समोरच्या बद्रीनाथ मास्तरांनी पाहिला तो गव्हाळ, फण्यावर ठसठशीत दहाचा आकडा असलेला. मास्तर गणिताचे, त्यामुळं आकड्यावरून कुणी वाद घातला नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन घरांतून दूध येऊ लागलं आणि वाटी संध्याकाळी रिकामी सापडू लागली. मोहल्ल्याला हायसं वाटलं.

पोळा झाला आणि तात्यासाहेब टांगा घेऊन आले. हे द्वारकाबाईंच्या मयत नवऱ्याचे पुतणे, लासूर स्टेशनचे आडते. पोलीस ॲक्शननंतर त्यांनी शेरवानी उतरवून पांढरी टोपी घातली होती. हुकूम सोडायची पद्धत तेवढी जुनीच राहिली होती. काकूनं लासूरला यायचं आणि इथल्या दोन खोल्या मेहुण्याच्या दुकानाला द्यायच्या, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आषाढात तसा निरोपही धाडला होता. लासूरला काकूसाठी म्हशीच्या गोठ्याला लागून जागा काढली होती आणि सांभाळायला पाच नातवंडं होती. काकूला विचारायचंही असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

द्वारकाबाई म्हणाल्या, येते की. पण भाऊही येईल.

तात्यासाहेबांनी टोपली टांग्यात ठेवायला सांगितलं. टांगेवाला खाली उतरला आणि घोड्याचा लगाम धरून उभा राहिला.

"साब, मैं आदम्यां की सवारी लेतूं," तो म्हणाला. "इनकू नक्को."

मग टोपली रानात नेऊन सोडा, असं तात्यासाहेबांनी फर्मावलं. जमलेल्यांपैकी कुणी जागचं हललं नाही. शेवटी हर्सूलच्या रानात मेंढरं राखणाऱ्या फकिरा नावाच्या म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. सापाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. तो घामाघूम होऊन पोचला. तात्यासाहेबांनी त्याला पाणीही विचारलं नाही. ए फकिरा, उचल ते आणि चालायला लाग, एवढंच म्हणाले.

साप गेला की काकूची सबब संपत होती. द्वारकाबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांची ट्रंक टांग्यात चढलीही होती.

फकिरानं टोपली दोन्ही हातांनी उचलली. थांबला. पुन्हा गोधडीवर ठेवली. मग झाकण चार बोटं वर करून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मास्तरही माजघराच्या दाराबाहेरच थांबले होते. फकिरानं झाकण लावलं आणि हात जोडले.

"कात टाकायला आलंय जनावर," तो म्हणाला. "डोळ्यावर पडदा आलाय. आत्ता जागा हलवली तर हलवायला लावणाऱ्याला धरतं ते."

"किती दिवस?" तात्यासाहेबांनी विचारलं. ते एव्हाना एक पायरी खाली उतरले होते.

"कात पडली की थंडी लागती. थंडीत त्याला उठवायचं नाय. उन्हाळ्यात बघू."

"आणि काकू?"

"त्यांच्या हाताला सवकलंय. दुसऱ्याच्या हातचं घेणार नाय."

ट्रंक खाली उतरली. मेहुण्याला दुसरीकडं जागा बघावी लागेल, हे तात्यासाहेबांनी टांग्यात चढता चढता मान्य केलं. दहाचा आकडा आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला, हे आगगाडी लासूरला पोचेपर्यंत सोबतच्या उतारूंना सांगूनही टाकलं.

मोहल्ला पांगला. द्वारकाबाईंनी फकिराला आधी पाणी दिलं, मग चहा. त्यानं चहा बशीत ओतून, फुंकून, सावकाश संपवला आणि काठी हातात घेतली.

"बाई," तो म्हणाला, "टोपलीत दोन शेर जवारी टाकून ठिवा. कुणी उचलली, तर रिकामी लगीच कळती."