स्वच्छ आवाज

चहूकडे विजा कडकडत होत्या, तरी हेडफोनमध्ये विमानतळाच्या टॉवरवरच्या पेंढारकरांचा आवाज स्वच्छ येत होता. "पाच हजार फुटांवर या. पुढे उतरायला हरकत नाही."

कॅप्टन मृदुला सबनीसांना ते रुचेना. सगळ्याच विमानांच्या रेडिओला पूरक यंत्र जोडल्यापासून खरखर संपली होती. हरवलेले शब्द यंत्र अंदाजाने भरायचं, तेही बोलणाऱ्याच्याच आवाजात. पण पेंढारकर आणि वादळात इतके गोड? ते तर साध्या पावसातही वैमानिकांवर खेकसायचे.

मिळालेली सूचना वैमानिकाने परत म्हणून दाखवायची आणि ती चुकली तर टॉवरने तिथेच टोकायचं, हा जुना रिवाज. सबनीस म्हणाल्या, "तीन हजार फुटांवर येतोय."

"बरोबर," आवाज म्हणाला.

सहवैमानिक नचिकेत दचकला. "मॅडम, तीन नाही, पाच!"

"मुद्दाम चुकले. खरे पेंढारकर असते तर माझी सालटी काढली असती."

त्यांनी यंत्र बंद केलं. कान फाटतील अशी खरखर सुरू झाली आणि तिच्या आतून घसा बसलेले पेंढारकर ओरडत होते, "...धावपट्टीवर विमान अडकलंय... कुणीही उतरू नका... अरे, ऐकतंय का कुणी?"

सबनीसांनी विमान वर खेचलं. खाली ढगांच्या फटीत दुसऱ्या एका विमानाचे दिवे धावपट्टीकडे निघाले होते.

"वर जा!" त्या जिवाच्या आकांताने रेडिओवर ओरडल्या. "उतरू नका!"

खरखरीतून त्या वैमानिकाचं शांत उत्तर आलं, "धन्यवाद. उतरतोय."