आता आमची आना

शालूची नर्सिंगची मुलाखत सकाळी अकोल्यात होती, म्हणून दुर्गाबाई लेकीला घेऊन आदल्या संध्याकाळीच वरूडच्या मोटारीनं आली. स्टँडासमोरच्या लॉजचा मॅनेजर दोघींच्या मागं कुणी पुरुष दिसतो का, ते बघू लागला.

"सोबत बाप्या मानूस नसन त बायाइले खोली भेटत नाही. मालकाच्या अमरावतीच्या लॉजातबी हाच नेम हाये."

"काहून?"

"काई झालं त जबाबदार कोन?"

दुर्गाबाई भांडली नाही. तिनं लॉजच्या दारातच सतरंजी अंथरली, भाकरी सोडली आणि लेकीला जेवायला बसवलं. येणारं गिऱ्हाईक थबकून विचारायचं, "माय, बाहेर काहून बसली?"

"अंदर बायाइले धोका हाये म्हनते मॅनेजर," ती खणखणीत आवाजात सांगायची.

बायकोपोरांना घेऊन आलेला एक व्यापारी ते ऐकून टांग्यातून उतरलाच नाही. पाठोपाठ आणखी एक कुटुंब परत फिरलं. तेव्हा मॅनेजर किल्ली घेऊन धावत आला.

"घ्या बाई. पन फक्त तुमच्यापुरतं करून राहिलो मी."

दुर्गाबाईनं किल्ली घेतली. शालू आनंदानं उठून सतरंजी गुंडाळू लागली. तेवढ्यात हातात ट्रंक घेतलेली एक तरुण बाई पायरीशी येऊन उभी राहिली.

"एकटीले खोली भेटन का जी?" तिनं बिचकत विचारलं.

मॅनेजरनं नाही म्हणायला तोंड उघडलं. त्याच्याआधीच दुर्गाबाईनं किल्ली त्या बाईच्या हातात ठेवली, सतरंजी परत अंथरून खाली बसली आणि मॅनेजरला म्हणाली,

"हे किल्ली या बाईची झाली. आता आमची आना."