बाबांची कात्री

"बाबांच्या हातातला पेपर फडफडतो रे, पंखा बंद असतानाही. आलास की तूच सांग, सलून बंद करा म्हणून," आईने परदेशात फोन करून बजावलं होतं. आठ दिवसांसाठी आलेल्या मुलाचे सहा दिवस गेले, पण जीभ रेटेना. सातव्या दिवशी तो मुकाट्याने सलूनमधल्या खुर्चीत बसला. "तिकडे कोणाच्या हाती डोकं दिलं होतंस? उंदरांनी कुरतडलंय नुसतं!" बाबा करवादले. आरशात त्यांचा मोकळा हात थरथरताना दिसला आणि मुलाने डोळे मिटले. मग कात्रीची कचकच सुरू झाली, लहानपणीसारखीच. त्याने हळूच पाहिलं. कात्री धरलेला तोच हात तसूभरही चळत नव्हता. आईचा निरोप त्याने गिळून टाकला. हायसं वाटून आलेला हुंदका मात्र गिळता येईना. "हलू नकोस, कान जाईल!" बाबा खेकसले. "थरथरतोस तू, आणि नाव माझ्या हाताचं!"