केसाएवढी रेषा

सुईचं टोक सरळ होतं. ऋताने मनगट काउंटरवर टेकवून ती दिव्याखाली धरली आणि बोटांत सावकाश फिरवली. टोक वाकलेलं असतं तर फिरताना एका बाजूला गेलं असतं. ते जागचं हललं नाही.

"सुई ठीक आहे," तिने सांगितलं.

दादरच्या त्या दुकानात शंतनुला आपल्या छंदातल्या छोट्या प्रतिकृती-विमानांसाठी दोन एअरब्रशांतून, म्हणजे आतल्या सुईभोवतीने हवेबरोबर रंग फवारणाऱ्या पेनांतून, एक निवडायचा होता. निवड त्याने बायकोवर सोडली होती. पंखांवरच्या केसाएवढ्या रेषा लग्नापासून तीच काढत आली होती.

"आमच्याकडे मी फक्त रंग सांडतो," तो आल्याआल्याच दुकानदाराला म्हणाला होता. "बारीक काम हिचं. डोळ्यांची सर्जन आहे."

महागड्या ब्रशची पहिली रेषा नागमोडी आली, तेव्हा दुकानदार विकासने सुईवर संशय घेतला होता. आता त्याने हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरवर घेतला. याला टाकी नाही, हवा धक्क्याधक्क्याने येते, त्यात मॅडमचा काय दोष, असं म्हणत त्याने आतून टाकीवालं मशीन आणून जोडलं. ऋताला ते पटलं नव्हतं. दाब कमीजास्त झाला तर रेषा फिकी-गडद होते, वाकडी होत नाही. तरी तिने त्याला जोडू दिलं.

खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. श्वास रोखून तिने कागदावर रेषा ओढली. सुरुवात स्वच्छ, शेवट स्वच्छ, मध्ये तीच थरथर. स्वस्त ब्रशनेही तेच झालं. मग शंतनुने तो हातात घेऊन शेजारी एक रेषा ओढली. जाड आली, टोकाला ठिपकाही पडला. पण सरळ आली.

विकास उगाच नळी काढून पुन्हा लावत बसला.

परळच्या हॉस्पिटलात गेले काही महिने ऋता अवघड ऑपरेशनं आपल्या हाताखालच्या नम्रताकडे सोपवत होती. कधी मीटिंग, कधी पाठदुखी. एवढ्या सबबी तिने आयुष्यात कधी सांगितल्या नव्हत्या. सोपी ऑपरेशनं अजून जमत होती, आणि तेवढ्यावर ती रोज स्वतःची समजूत घालत होती. घरी तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

शंतनुने कागद उलटा करून ठेवला.

"राहू दे गं. पुढच्या आठवड्यात येऊ. आज दमली आहेस तू."

"दमले नाहीये मी."

तिने दोन्ही ब्रश त्याच्यासमोर सरकवले.

"तुझ्या हाताला बसेल तो घे, शंतनु. रेषा आता तूच काढायच्यास. आणि सोमवारपासून ऑपरेशनं नम्रता करेल. मी करणार नाही."